सोलापूरच्या शास्त्रज्ञांनो, तुमची सही कुठे आहे?

१९९८ च्या मे महिन्यात पोखरणच्या वाळवंटात ११ आणि १३ तारखेला मिळून पाच अणुस्फोट झाले आणि गावोगाव पेढे वाटले गेले. फटाके उडाले, ढोल वाजले. तिथली वाळू कलशात भरून देशभर फिरवावी अशी टूमही तेव्हा निघाली होती. ज्या मातीपासून माणसाने लांब राहावे ती प्रसाद म्हणून वाटायला निघालेली ही बुद्धी! ती टूम बारगळली. बुद्धी मात्र तशीच राहिली. ११ मे हा दिवस ‘राष्ट्रीय तंत्रज्ञान दिन’ म्हणून सरकारी दिनदर्शिकेत कायमचा बसला. दरवर्षी त्या दिवशी विज्ञानसंस्थांत आणि महाविद्यालयांत कार्यक्रम होतात, व्यासपीठावर भौतिकशास्त्राचे, रसायनशास्त्राचे, वैद्यकाचे विद्वान बसतात आणि त्या स्फोटांचा गौरव ऐकून टाळ्या वाजवतात. आम्ही त्यांना उघड विचारतो: गॅमा किरण माणसाच्या हाडांतल्या मगजाचे काय करतात हे तुम्ही वर्गात शिकवता की नाही? मग तेच व्यासपीठावरून सांगताना तुमची जीभ का अडखळते?

२०२५ च्या मे महिन्यात पहलगामच्या हत्याकांडानंतर भारत आणि पाकिस्तान चार दिवस एकमेकांवर क्षेपणास्त्रे आणि ड्रोन सोडत होते. निरपराध पर्यटकांना ठार मारणाऱ्यांना शासन झालेच पाहिजे, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. पण त्या चार दिवसांत वाहिन्यांवर, चहाच्या टपरीवर, घराघरांतल्या मोबाइलवर जी भाषा ऐकू आली तिने आमच्या अंगावर काटा आला. “एकदाच काय ते उडवून टाका!” शिकलेसवरलेले लोक असे बोलत होते. काय उडवायचे? लाहोर? कराची? आणि त्यानंतर काय होईल अशी तुमची समजूत आहे?

सोलापूरचा नकाशा समोर घ्या. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर जो बॉम्ब टाकला तो आजच्या मानाने लहान होता, साधारण १५ किलोटनांचा. जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर तो फुटला आणि त्याच्याखालच्या दोन किलोमीटरांच्या आतले जवळजवळ सगळे शहर पडले आणि जळाले. आता त्या दोन किलोमीटरांचे वर्तुळ सिद्धेश्वर तलावाभोवती आखून पाहा. भुईकोट किल्ला त्यात येतो, पार्क चौक येतो, नवी पेठ येते, मंगळवार पेठ येते. सिव्हिल हॉस्पिटलही येते, आणि ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. हिरोशिमात तेव्हा सुमारे दीडशे डॉक्टर होते. त्यांतले ६५ जागच्या जागी मेले आणि उरलेल्यांतले बहुतेक जखमी झाले. परिचारिका १७८० होत्या. त्यांतल्या १६५४ मेल्या किंवा कामाच्या राहिल्या नाहीत. म्हणजे भाजलेल्याच्या अंगाला मलम लावायलाही कोणी उरले नव्हते. त्या वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार माणसे मेली. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती, तेव्हाच्या हिरोशिमाच्या दुपटीहून जास्त. मुंबईवर असा एक बॉम्ब पडला तर काय होईल याचा हिशेब एम. व्ही. रमणा या भारतीय भौतिकशास्त्रज्ञाने १९९९ साली मांडला. दीड लाखापासून आठ लाखांपर्यंत माणसे मरतील, असे त्यातून निघाले, आणि तेही एकाच बॉम्बने. स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ या संस्थेच्या जानेवारी २०२५ च्या अंदाजाप्रमाणे भारताकडे १८० आणि पाकिस्तानकडे १७० अण्वस्त्रे होती, आणि साऱ्या जगात मिळून बारा हजारांच्या वर.

हे सारे ज्यांना सगळ्यांत आधी समजते त्यांनी बोलायचे नाही तर कोणी बोलायचे? अण्वस्त्राविरुद्धचे जगातले पहिले निवेदन त्यांनीच काढले होते. लिओ झिलार्ड हा हंगेरीतून परागंदा झालेला भौतिकशास्त्रज्ञ. आइन्स्टाइनच्या सहीने अमेरिकेच्या अध्यक्षांना गेलेले १९३९ चे पत्र तयार करण्यात याचाच मुख्य हात होता आणि त्या पत्रातूनच पुढे बॉम्बच्या कामाला चालना मिळाली. १९४५ च्या जुलैत, बॉम्ब तयार होत आला तेव्हा, याच झिलार्डने अध्यक्ष ट्रुमन यांच्यासाठी अर्ज लिहिला: जपानला अटी जाहीरपणे कळवून शरण येण्याची संधी दिल्याशिवाय हे अस्त्र वापरू नका. शिकागोच्या प्रयोगशाळेतल्या ७० जणांनी त्यावर सह्या केल्या. युद्धकाळातली गुप्त प्रयोगशाळा, लष्कराचा पहारा, नोकरीवर टांगती तलवार, आणि तरीही ७० सह्या! तो अर्ज बॉम्बप्रकल्पाचे लष्करी प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज यांच्या कचेरीत अडकवून ठेवला गेला. ट्रुमन यांच्या डोळ्यांसमोर तो आलाच नाही आणि तीन आठवड्यांच्या आत हिरोशिमा जळाले. सह्यांनी काय होते, असे विचारणाऱ्यांनी हे उदाहरण खुशाल आमच्या तोंडावर फेकावे. आम्ही उलट विचारतो की तो अर्ज निरुपयोगी होता, तर तो दडपावा का लागला?

सह्यांनी काय होते ते पुढच्या दहा वर्षांत तोकियोच्या मासळीवाल्यांनी दाखवून दिले. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. ‘फुकुर्यू मारू’ नावाची जपानी मासेमारी बोट धोक्याच्या म्हणून जाहीर केलेल्या क्षेत्राबाहेर होती. तिच्यावरच्या २३ खलाशांच्या अंगावर पांढरी राख पडत राहिली. त्यांतला बिनतारी संदेश पाठवणारा कुबोयामा सप्टेंबरात मेला. बंदरात उतरलेले ट्यूना मासे तपासले तर त्यांत किरणोत्सर्ग निघाला आणि टनावारी मासळी पुरून टाकावी लागली. तोकियोच्या सुगिनामी भागातल्या मासळीवाल्यांच्या दुकानांत माशा घोंघावू लागल्या, गिऱ्हाईक फिरकेना. त्यांनी काय केले? नशिबाला बोल लावत बसले नाहीत. नुकसानभरपाईचा अर्ज करून गप्पही राहिले नाहीत. मासळीवाले, त्यांच्या बायका, वाचनमंडळांत जमणाऱ्या गृहिणी आणि तिथल्या सार्वजनिक सभागृहाचे संचालक असलेले कायद्याचे प्राध्यापक यासुई काओरू अशा सगळ्यांनी मिळून हायड्रोजन बॉम्बविरुद्ध सह्यांचा कागद काढला. तिथल्या स्थानिक परिषदेने एप्रिलमध्ये ठराव केला. मेमध्ये बायका घरोघर निघाल्या. पाठीशी बांधलेले मूल, हातात कागद, आणि दाराशी एकच बोलणे: हे तुमच्या पोराच्या ताटातल्या माशाविषयी आहे. चार लाखांहून कमी वस्तीच्या त्या भागात अडीच लाखांवर सह्या झाल्या. तिथून ते लोण साऱ्या जपानभर पसरले आणि १९५५ च्या ऑगस्टात, हिरोशिमात पहिली जागतिक परिषद भरली तोवर सह्यांचा आकडा ३ कोटींच्या पलीकडे गेला होता. त्यांपैकी फार थोड्यांना अणूचा गाभा म्हणजे काय ते सांगता आले असते. घरात काय शिजते आणि ते कोण खाते, एवढे त्यांना पक्के माहीत होते.

मग शास्त्रज्ञांना लाज वाटली म्हणा, धीर आला म्हणा, पण तेही उठले. ९ जुलै १९५५ ला तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी लंडनमध्ये अण्वस्त्रांविरुद्धचा जाहीरनामा वाचला. त्यावर सही करून आइन्स्टाइन काही दिवसांतच वारले होते. त्यातून जगातल्या शास्त्रज्ञांची परिषद भरवायचे ठरले. ती मुळात दिल्लीत भरायची होती, पण सुएझच्या प्रकरणाने बेत मोडला आणि १९५७ साली कॅनडातल्या पगवॉश गावी ती भरली. त्याच वर्षी १५ मे रोजी अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांचे भाषण झाले. त्या संध्याकाळी त्यांनी बॅरी कॉमनर आणि एडवर्ड काँडन या दोघा सहकाऱ्यांबरोबर बसून अणुचाचण्या थांबवा असे सांगणारा एक साधा मसुदा लिहिला, तो चक्रमुद्रित करून टपालात टाकला आणि पंधरवड्यात अमेरिकेतल्या सुमारे दोन हजार शास्त्रज्ञांच्या सह्या गोळा झाल्या. पुढे जगभर पत्रे गेली. १५ जानेवारी १९५८ रोजी पॉलिंग यांनी तो गठ्ठा संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणिसांच्या हाती दिला तेव्हा त्यावर ९००० हून जास्त शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या, आणि आकडा पुढे ११ हजारांवर गेला. ४९ देशांतले शास्त्रज्ञ! दोन वर्षांनी, १९६० च्या जूनमध्ये, अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने त्यांना समोर उभे करून दरडावले: या सह्या तुमच्यासाठी कोणी गोळा केल्या त्यांची नावे द्या. नावे दिली असती तर त्या तरुण शास्त्रज्ञांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. तुरुंगाची भीती समोर असताना त्या माणसाने नकार दिला. आपल्याकडच्या किती विभागप्रमुखांनी आपल्या हाताखालच्या माणसाला असे पाठीशी घातले आहे?

याच सेंट लुइसमधल्या आयांनी आपल्या पोरांचे पडलेले दुधाचे दात पाकिटात घालून डॉक्टरांकडे पाठवले. डॉ. लुईझ राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासले. चाचण्यांची धूळ गवतावर पडत होती, गवतातून गाईच्या पोटात, दुधातून पोरांच्या हाडांत जात होती आणि दातांतल्या स्ट्राँशियम ९० या किरणोत्सर्गी द्रव्याची पातळी चाचण्यांबरोबर चढत गेलेली दिसली. एकीकडे दात, दुसरीकडे सह्या. १९६३ च्या ऑगस्टात मॉस्कोत अमेरिका, रशिया आणि ब्रिटन यांनी हवेत, पाण्यात आणि अवकाशात चाचण्या न करण्याचा करार केला. १० ऑक्टोबरला तो अमलात आला आणि त्याच दिवशी पॉलिंग यांना शांततेचे नोबेल जाहीर झाले. आज सोलापुरातल्या कोणत्याही घरात बाळाला गाईचे दूध पाजताना आईला त्या धुळीची धास्ती वाटत नाही. सह्यांनी काय होते, याचे हे एक उत्तर.

कोणी म्हणेल, ही सारी परदेशची उदाहरणे झाली. मग आपलीच घ्या. दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव महाराष्ट्रात इतिहासकार म्हणून घेतले जाते. १९०७ साली गोव्यात जन्मलेला हा माणूस पेशाने गणिती होता. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते गणिताचे प्राध्यापक होते आणि पुण्याहून डेक्कन क्वीनने जा-ये करत. म्हणजे ज्या छपराखाली देशाचा अणुकार्यक्रम वाढत होता त्याच छपराखाली त्यांचा पगार होत होता. तरीही जागतिक शांतता परिषदेत ते उघडपणे काम करत राहिले, अण्वस्त्रांविरुद्ध देशोदेशी बोलले, लिहीत राहिले. १९६० साली पुण्याच्या रोटरी क्लबपुढे त्यांनी अणुऊर्जेच्या अवाढव्य खर्चाची चिरफाड केली आणि या देशाच्या डोक्यावर बारा महिने तळपणाऱ्या सूर्याकडे बोट दाखवले. आज सौरऊर्जेची कंत्राटे काढणाऱ्यांना हे १९६० सालीच सांगणारा माणूस आपल्याच भाषेच्या मुलखातला होता याची गंधवार्ताही नाही. १९६२ साली संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. कोसंबींनी आपले मत बदलले नाही. आमच्या विद्यापीठांतल्या पदवीधरांना त्यांचे नाणेशास्त्र शिकवले जाते, हे मात्र शिकवले जात नाही. का नाही? कारण ते शिकवले तर विद्यार्थी आपल्या प्राध्यापकांकडे बघू लागतील.

१९९८ मध्ये, पेढ्यांच्या त्या दिवसांत, त्याच टाटा संस्थेतले आणि चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ पुढे आले, देशातल्या अनेक संस्थांतल्या सहकाऱ्यांच्या सह्या घेतल्या आणि जाहीरपणे सांगितले की हे स्फोट आमच्या नावाने करू नका. सीमेपलीकडे चागाईच्या स्फोटांनंतर परवेझ हुदभॉय आणि ए. एच. नय्यर हे भौतिकशास्त्रज्ञ आपल्या सरकारला हेच सुनावत होते. दोन्हीकडे त्यांना फितूर म्हटले गेले. आनंद पटवर्धन यांनी ‘जंग और अमन’ हा चित्रपट काढला तर त्यावर कात्री चालवायला निघालेल्या सेन्सॉरशी त्यांना उच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले. आणि अलिबागजवळ राहणारे ॲडमिरल रामदास? १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळवलेला, १९९० ते १९९३ नौदलाचा प्रमुख राहिलेला हा सेनानी निवृत्तीनंतर अण्वस्त्रमुक्तीच्या आणि भारत-पाकिस्तान मैत्रीच्या कामाला आपले आयुष्य देऊन २०२४ साली वारला. ज्याने छातीवर युद्ध झेलले तो बॉम्ब नको म्हणतो, आणि ज्याने बंदूक फक्त मिरवणुकीत पाहिली तो त्याला देशद्रोही ठरवतो! अण्वस्त्रांना विरोध म्हणजे देशद्रोह, ही आरोळी ठोकणाऱ्यांनी आधी रामदासांचे वीरचक्र परत मागून दाखवावे.

“बॉम्ब आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत,” असे म्हणणाऱ्या भल्या माणसांशी आम्हांला जास्त बोलायचे आहे, कारण ते मनापासून तसे मानतात. त्यांनी तारखा पाहाव्यात. १९९८ च्या मेमध्ये दोन्ही देशांनी बॉम्ब फोडले. १९९९ च्या मेमध्ये कारगिल पेटले. २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला, २०१९ मध्ये पुलवामा, २०२५ मध्ये पहलगाम. बॉम्बने यांतले काय अडवले? आणि धाकाचा हा सारा डोलारा एका गृहीतावर उभा आहे की कधीही, कोणाचीही, एकही चूक होणार नाही. ९ मार्च २०२२ रोजी भारताच्या हद्दीतून एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले. त्यात अण्वस्त्र नव्हते, कोणी मेले नाही, चौकशीनंतर हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केले गेले. पलीकडच्या अधिकाऱ्याने ते खरा हल्ला समजून बटण दाबले असते तर? दिल्ली आणि इस्लामाबाद यांच्यामध्ये विचार करायला अर्धा तास नसतो, काही मिनिटे असतात. त्या मिनिटांवर तुमच्या पोरांचे प्राण टांगलेले आहेत आणि त्याला तुम्ही सुरक्षितता म्हणता?

आणखी एक आक्षेप आमच्या कानांवर येतो: आधी चीन आणि पाकिस्तान यांनी आपली अण्वस्त्रे खाली ठेवावीत, मग आपण. आम्ही कोणाला एकतर्फी शस्त्र टाका म्हणत नाही. पण आपल्या सरकारने स्वतः काय काय कबूल केले आहे ते तरी लोकांनी त्याच्याकडून वसूल करावे. अण्वस्त्रांच्या वापराची कायदेशीरता आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तपासावी, ही मागणी न्यूझीलंडमधल्या एका निवृत्त न्यायाधीशाच्या पत्रांनी सुरू झाली आणि साध्या नागरिकांनी ती हेगपर्यंत नेली. १९९५ मध्ये त्या न्यायालयापुढे भारत सरकारनेच लेखी सांगितले की अण्वस्त्रांचा वापर बेकायदा आहे. जुलै १९९६ मध्ये न्यायालयाने एकमताने म्हटले की निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी प्रामाणिकपणे करून त्या तडीस नेणे हे राष्ट्रांचे कर्तव्य आहे. दोन वर्षांत आपण पोखरण केले. पहिला वापर करणार नाही हे धोरण आपण २००३ साली अधिकृतपणे स्वीकारले. १६ ऑगस्ट २०१९ रोजी पोखरणलाच उभे राहून संरक्षणमंत्री म्हणाले की पुढे काय होईल ते परिस्थितीवर अवलंबून राहील. एवढी मोठी शपथ अशी एका वाक्याने सैल होते आणि देशात कोणी अवाक्षर काढत नाही! आणि कागदाला किंमत नसते असे मानणाऱ्यांनी हेही ऐकावे. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार भारत आणि पाकिस्तान यांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी केला आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांच्या याद्या एकमेकांना देत आले आहेत. कारगिलनंतरही दिल्या, मुंबईनंतरही दिल्या.

आता आमच्या शहराकडे येतो. १२ जानेवारीला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्या पुतळ्यांना हार पडतील. १९३१ साली त्या दिवशी त्यांना येरवड्यात फाशी दिले. त्याआधीच्या उन्हाळ्यात या शहरावर मार्शल लॉ पुकारून साम्राज्याने आपली सारी ताकद दाखवली होती, आणि त्याच वर्षी सोलापूरच्या नगरपालिकेने आपल्या इमारतीवर तिरंगा चढवला होता. नळ, गटार, दिवाबत्ती एवढेच आमचे काम, झेंड्याचा विषय आमच्या कक्षेत येत नाही, असे तेव्हाच्या नगरपालिकेने म्हटले नाही. मग आजची महापालिका कोणत्या तोंडाने म्हणेल की अण्वस्त्रे हा आमचा विषय नव्हे? बॉम्ब शहरावर पडतो. पहिला जाब शहरानेच विचारायचा. २०१७ च्या ७ जुलैला संयुक्त राष्ट्रांत १२२ देशांनी अण्वस्त्रबंदीचा करार मंजूर केला, २२ जानेवारी २०२१ ला तो अमलात आला. भारत त्या वाटाघाटींना गेलाच नाही. पण पॅरिस, बर्लिन, लॉस एंजेलिस अशा शहरांनी, ज्यांच्या देशांनी तो करार नाकारला त्या शहरांनी, आपापल्या सभागृहांत ठराव करून त्याला पाठिंबा दिला. सोलापूरला कोणी अडवले आहे?

आणि डॉक्टरांनो, तुम्ही कोणाच्या गावचे आहात ते विसरू नका. १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनमध्ये गेलेले आणि १९४२ मध्ये ३२ व्या वर्षी तिथेच वारलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच गल्ल्यांतून शाळेला गेले. ज्या रुग्णालयाचे ते प्रमुख होते त्याच्या नावातच शांतता होती. परक्या देशाच्या जखमींसाठी मरणारा डॉक्टर या गावाने दिला, तर आपल्याच गावच्या जळालेल्यांना वाचवता येणार नाही हे लोकांना स्पष्ट सांगण्याची हिंमत इथल्या शेकडो डॉक्टरांत असू नये? वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयातल्या अध्यापकांनी पहिली सही करावी. अहिल्यादेवी होळकर विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी दुसरी. तुमच्या सहीला वजन आहे, कारण तुम्ही काय लिहिता ते तुम्हांला समजते. म्हणून तुमचे मौनही दुप्पट दोषी आहे.

गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर लाखो माणसे येतात. त्या दिवसांत मैदानाच्या तोंडाशी टेबल टाका. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चारही भाषांत कागद ठेवा, कारण हे गाव चार भाषांत बोलते. पूर्व भागात जा, यंत्रमागाच्या शेडमध्ये जा, विड्या वळणाऱ्या बायकांच्या उंबऱ्यावर बसा आणि सुगिनामीच्या बायकांनी सांगितले तसे सांगा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अंगठा घ्या. त्या अंगठ्याची किंमत प्राध्यापकाच्या सहीहून कमी नाही. मसुद्यावाचून कोणाचे अडू नये म्हणून तो आम्हीच देतो. ज्याला पटेल त्याने तो उतरवून घ्यावा:

“मा. पंतप्रधान यांस. आम्ही खाली सह्या करणारे सोलापूरचे रहिवासी, शिक्षक, डॉक्टर, शास्त्रज्ञ, कामगार आणि विद्यार्थी, आपणांस कळवतो की अण्वस्त्रांचा वापर कोणीही, कोणावरही, कोणत्याही कारणाने करणे हा आमच्या मते गुन्हा आहे. भारताने अण्वस्त्रे प्रथम न वापरण्याचे आपले धोरण संसदेत कायदा करून बांधून घ्यावे. पुन्हा अणुचाचणी न करण्याची आपली घोषणा कराराने पक्की करावी. पाकिस्तान आणि चीन यांच्याशी अण्वस्त्रे कमी करण्याच्या वाटाघाटी भारताने स्वतःहून मागाव्यात. अण्वस्त्रबंदी कराराच्या पुढच्या बैठकीला भारताने निदान निरीक्षक पाठवावा. अण्वस्त्रांवर दरवर्षी किती खर्च होतो तो आकडा संसदेपुढे ठेवावा. सोलापूर महानगरपालिकेनेही या मागण्यांना पाठिंबा देणारा ठराव करून तो आपल्याकडे पाठवावा, अशी आमची तिला विनंती आहे. या निवेदनाला लेखी उत्तर मिळावे.”